परत फिरलेल्या चार दाण्यांची कहाणी

ऐका साती आसरांनो, तुमची कहाणी. बायांनो, उजव्या मुठीत थोडे तांदूळ घ्या, मांडीवरची लेकरं नीट धरा, मधे उठू नका.

आटपाट नगर होतं, नगर उंचावर होतं. पायथ्याशी नदी होती, नदीला डोह होता, डोहाच्या काठी सात दगड होते. त्याच साती आसरा, पाण्यातल्या देवता. नगरातल्या बाया दर शुक्रवारी तिथं जात, दगडांना हळदकुंकू वाहत, पाण्यात दिवा सोडत, नि घरी येत.

त्या नगरात एक घोंगड्या विणणारा होता. त्याचं नाव रायबा. घरात म्हातारी आई, बायको आवडी आणि सहा महिन्यांचा लेक. घर गरिबीचं, पण माग रोज चालायचा, चूल रोज पेटायची.

आवडी मनानं हळवी, स्वभावानं भित्री. लेक शिंकला तर ती हातातलं काम टाकून धावायची. लेक रडला तर भ्यायची, नाही रडला तर जास्त भ्यायची. निजलेल्या लेकाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. सासू म्हणायची, "अगं, निजू दे त्याला. तू बघत बसलीस म्हणून तो काय दोन श्वास जास्त घेणार आहे?" आवडी म्हणायची, "नाही आत्याबाई, सहजच बघितलं."

रायबाला एक बहीण होती. तिचं नाव चिमा. तिला खाली बेटवाडीस दिली होती. बेटवाडी म्हणजे दोहों अंगांनी नदी आणि मधे वाडी. चिमाचं बाळंतपण सासरीच झालं. बाळ दहा दिवसांचं होतं.

मग त्या वर्षी पाऊस लागला. एक दिवस पडला, लोक म्हणाले बरं झालं. दोन दिवस पडला, लोक म्हणाले पुरे झालं. तिसऱ्या दिवशी कुणी काही म्हणेना. नदी उठली. नगराच्या पायऱ्यांना लागली नि थांबली, पण बेटवाडीवरून सरळ गेली. घरं गेली, गुरं गेली, धान्याच्या कणग्या पाणी पिऊन फुगल्या नि फुटल्या. माणसं वाडीमागच्या टेकाडावर चढून बसली, म्हणून जिवंत राहिली.

नगरात बातमी आली. सासूनं कपाळाला हात लावला. आवडीनं आपल्या लेकाला पोटाशी धरलं. म्हणाली, "आत्याबाई, वन्संचं बाळ दहा दिवसांचं. ओल्यात कुठं निजवत असतील?"

मग दुसऱ्या दिवशी काय झालं? चौकात डांगोरा वाजला. तीन माणसं आली. दोन पुरुष, एक बाई. पुरुषांचे कपडे पांढरे शुभ्र. बाईची साडी ओली, कडेवर पोर. त्यांनी एक लांबलचक कापड पसरलं. त्यावर चित्रं काढलेली. बुडतं घर, वाहती गाय, पाण्यातून वर आलेला लेकराचा हात. बाया बघू लागल्या, डोळे पुसू लागल्या.

त्यातला एक म्हणाला, "आम्ही आसरामाई अन्नछत्राची माणसं. बेटवाडीला मदत नेतो. होडी घाटाला लागलीय, घटकेत सुटेल. देईल त्याचं पोचेल, थांबेल त्याचं राहील."

वरच्या घाटावर आसरा अन्नछत्र होतं. तीन पिढ्यांचं होतं. वाटसरूला तिथं भात-आमटी मिळायची, हे सगळ्या नगराला ठाऊक होतं. लोक म्हणाले, "आसरा काय नि आसरामाई काय, एकच की." घाटावर जाऊन कुणी बघितलं नाही. वाट काही लांब नव्हती. पण होडी सुटणार होती ना.

मग लोकांनी दिलं. कुणी धान्य दिलं, कुणी धडुती दिली, पारू कासारणीनं बांगड्यांची पेटी रिकामी करून पेटीसुद्धा दिली. आवडी घरी धावली. रायबानं विणलेल्या दोन घोंगड्या घेतल्या. सुपात तांदूळ घेतले. मग थांबली. लेकाच्या पायांत चांदीचे वाळे होते, तिच्या आईनं घातलेले. तिनं ते काढले नि तांदळावर ठेवले.

चौकात आली. त्या ओल्या बाईला म्हणाली, "बाई, बेटवाडीत माझी नणंद आहे. चिमा तिचं नाव. बाळंतीण आहे. तुम्ही ओळखता का?"

बाई म्हणाली, "ओळखते तर. कालच माझ्या गळ्यात पडून रडली."

आवडी म्हणाली, "मग हे तिच्याच हाती पडेल ना? कोण देणार तिला?"

सासू मागून आली. तिनं आवडीचा हात दाबला. म्हणाली, "अगं, दान देताना पुसू नये. पुण्य उणं होतं. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, नि तू चौकात चौकशा करतेस."

आवडीनं पुसणं सोडलं. तिनं बाईला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. तांदूळ घातले, वाळे घातले, घोंगड्या हाती दिल्या. मग सूप पुढं धरून उभी राहिली. आता बायांनो, रीत तुम्हांला ठाऊकच आहे. जिची ओटी भरली, तिनं ओटीतले चार दाणे भरणारीच्या सुपात मागं टाकायचे. माझं भरलं, तुझंही भरलेलं राहो, म्हणून. परकराच्या पोरीलाही हे सांगावं लागत नाही. पण त्या बाईनं पदर खोचला नि ती चालू लागली.

आवडीनं रिकाम्या सुपाकडं बघितलं. म्हणाली, पुरातून आलेली बाई, भान कुठलं असणार. तिनं आणखीही एक बघितलं. बाई ओली होती, पोर मात्र कोरडं होतं. आवडी मनात म्हणाली, चांगली आई आहे, आपण भिजली पण पोराला भिजू दिलं नाही. असं म्हणून ती घरी आली नि लेकाच्या उघड्या पायांवरून हात फिरवीत बसली.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मोडकी होडी घाटाला लागली. तीतून एक माणूस उतरला. अंगाला चिखल, पोटाला चिमटा. तो बेटवाडीचा होडीवाला, मल्हारी भोई. पुसत पुसत रायबाच्या दारी आला. म्हणाला, "चिमावहिनींचा निरोप आहे. वाडीला तीन दिवस अन्न नाही. बाळाला कोरडं फडकं नाही. वहिनींच्या अंगावरचं दूध आटत चाललंय. काही असेल तर द्या."

रायबा म्हणाला, "आम्ही दिलं की. सगळ्या नगरानं दिलं. होडी भरून गेली."

मल्हारी म्हणाला, "कुठली होडी? टेकाडावरून दोन्ही पात्रं दिसतात. एक ओंडका आला तरी आम्ही आशेनं बघतो. धान्याची होडी नाही आली."

रायबा तसाच वरच्या घाटावर गेला. तिथं चुली धगधगत होत्या. अन्नछत्राच्या म्हातारीनं सांगितलं, "आम्ही चौकात हिंडत नाही, बाबा. ज्याला द्यायचं तो इथं येतो, आपल्या हातानं भांड्यात टाकतो, शिजतंय ते बघतो. आसरामाई कोण, आम्हांस ठाऊक नाही."

रायबा परत आला. चौकात ही गोष्ट फुटली. लोक हळहळले, मग चिडले, मग कडू झाले. मल्हारी मदत मागत फिरला. पहिल्या दारी म्हणाले, "परवा आले तेही बेटवाडीचंच नाव सांगत होते." दुसऱ्या दारी पारू कासारीण म्हणाली, "माझी पेटीसुद्धा गेली रे बाबा. आता माझ्याकडं द्यायला शिव्याच उरल्यात, नेतोस का?" तिसऱ्या दारी कडी वाजली, ती आतून वाजली.

चोरांनी एकदा नेलं ते धान्य नेलं. पण जाताना लोकांच्या मनातला विश्वास नेला, ते नुकसान त्याहून मोठं. खोट्याला मिळालं नि खरा उपाशी दारोदार फिरला.

इकडं सासू चुलीपुढं बसून राहिली. चूल पेटवीना, पाणी पिईना. म्हणाली, "तू पुसत होतीस. मीच म्हटलं पुसू नको. माझ्या लेकीच्या तोंडचा घास मीच घालवला गं."

आवडीनं उठून मडक्यात हात घातला. घरात अर्धं मापटं तांदूळ होते. मागावर अर्धी घोंगडी होती. मल्हारीला द्यावं, तर मल्हारीला तिनं आधी कधी बघितलेलं नाही. न द्यावं, तर डोळ्यांपुढून ते बाळ हलेना. घागर घेतली नि ती डोहावर गेली. पाणी भरायचं राहिलं, रडत बसली.

तिथं एक म्हातारी धुणं धूत होती. म्हणाली, "बाई बाई, रडतेस का?"

आवडी म्हणाली, "आजी, दिलं ते बुडालं. आता पुन्हा देऊ तर भय वाटतं, न देऊ तर जीव राहत नाही."

म्हातारी म्हणाली, "एक वसा आहे. परतदाण्यांचा. घेशील?"

"घेईन."

"घेशील, उतशील. घेशील, मातशील. घेशील, नि चार दिवसांनी टाकून देशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही. तो कसा वसावा, ते सांगा."

म्हातारी म्हणाली, "ऐक. कुठं पूर येतो, कुठं आग लागते, कुठं डोंगर खचतो. मागायला माणसं येतात. खरी येतात, खोटीही येतात, नि खोटी आधी येतात. तेव्हा मन मऊ ठेवावं, हात आवरता ठेवावा. तीन गोष्टी पुसाव्या. कुणासाठी, कुणाच्या हातून, नि पोचल्याची खूण काय. घाई करील त्याला बसायला पाट द्यावा. मोठं नाव सांगेल, तर त्या नावाच्या दारी आपण जाऊन यावं. चित्र दाखवील तर चित्राला रडावं, पण चित्राला धान्य घालू नये. पुसल्यावर रागावेल त्याला ओळखावं. खरा उपाशी पुसण्याला कंटाळत नाही. कुणी विचारतंय, हेच त्याला बरं वाटतं."

"आणि आजी, खरा निघाला तर?"

"तर दिल्याशिवाय उठू नये. पुसणं म्हणजे न देण्याचं निमित्त नव्हे. नाहीतर तुझ्यात नि कडी लावणारीत फरक काय? आपल्यातलं एक माणूस बरोबर धाडावं. ज्याच्यासाठी दिलं, त्याच्या हातचे चार दाणे मागं यावेत. तोवर दान अर्धं समजावं."

आवडीचा जीव भित्रा. ती म्हणाली, "पण आजी, खोट्यानंच चार दाणे आणून दिले तर?"

म्हातारी हसली. म्हणाली, "दाणे कुणीही देईल. हात कुणाचा, ते बघत जा."

आवडीनं डोळे पुसले. बघते तर म्हातारी नाही, धुणं नाही. सात दगड होते. सहांवर पुराचा गाळ होता, एक धुतलेला होता. आवडीनं हात जोडले, घागर भरली, घरी आली.

मल्हारी ओट्यावर बसला होता. आवडी त्याच्यापुढं बसली. म्हणाली, "मल्हारीदादा, राग मानू नका. मी पुसणार आहे."

मल्हारी म्हणाला, "पुसा की वहिनी. सकाळपासून कुणी काही पुसलंच नाही, नुसतं हाकललं."

"कुणासाठी नेता?"

"टेकाडावरच्या माणसांसाठी. आधी बाळंतिणी, मग पोरं, मग म्हातारी, मग आम्ही. असं ठरलंय."

"कुणाच्या हातून?"

"माझ्या होडीतून. पण मला एकट्याला देऊच नका. तुमचं माणूस बरोबर द्या. एक वल्हं मोडलंय, तेवढाच हातभार लागेल."

"खूण काय?"

मल्हारीनं डोकं खाजवलं. म्हणाला, "खूण म्हणजे, सांगू का नको? रागवाल. चिमावहिनी म्हणाल्या, आईला सांग, पोराचे कान मामावर गेलेत. सुपाएवढे."

सासूनं तीन वेळा त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग रायबाच्या कानांकडं बघितलं. मग रडता रडता हसू लागली. म्हणाली, "ही माझीच लेक. दुसरं कुणी उपाशीपोटी असला निरोप धाडायचं नाही." रायबानं मुंडासं कानांवर ओढलं.

तेवढ्यात चौकात गलका झाला. एक माणूस घोड्यावरून आला होता. मोठा फेटा, गोड जीभ. म्हणाला, "लोकहो, तुम्हांला फसवलं ते चोर मला सापडलेत. तुमचं दिलेलं सगळं परत आणून देतो. शोधाच्या खर्चापुरता घरटी एक चांदीचा डाग द्या. विश्वास नाही? ही घ्या खूण." असं म्हणून त्यानं कमरेची पिशवी सोडली नि पुढं आलेल्या बायांच्या हातांवर चार चार दाणे घातले. "बेटवाडीच्या लेकींनी धाडलेले परतीचे दाणे आहेत. मी तिथूनच आलो."

लोकांना गेलेलं परत हवं होतं. ठकलेला माणूस आंधळा होतो, पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त होतो. ज्यांनी मल्हारीला कडी लावली, त्यांनीच दारं उघडली. पारू कासारीण हातातली पाटली काढू लागली. पाटली घट्ट होती, म्हणून वेळ लागला.

आवडी पुढं झाली.  तिनं पुसलं, "हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच, बाई."

"कुणाच्या हातून?"

"माझ्या. आणखी कुणाच्या?"

"नि हे दाणे कुणाच्या हातचे?"

"सांगितलं ना, बेटवाडीच्या बायांच्या."

आवडीनं दाणे तळहातावर फिरवले. पांढरे होते, अखंड होते, खडखडीत कोरडे होते. ती म्हणाली, "दादा, बेटवाडीच्या कणग्या तीन दिवस पाण्याखाली आहेत. तिथं कोरडा दाणा असता, तर त्यांनी तो शिजवून बाळंतिणीला घातला असता. तुमच्या पिशवीत कशाला दिला असता?"

बायांनी हातांवरचे दाणे बघितले. त्या माणसाची जीभ कडू झाली. म्हणाला, "दानाला पुसणारी करंटी बाई. देवाच्या कामात आडवी येतेस. तुझ्या लेकराचं बरं होणार नाही."

 लेकराचं नाव निघालं की तिचं सगळं सुटायचं. तिला वाटलं, घ्यावे शब्द मागं, द्यावा एखादा डाग, पण त्यानं तो शाप परत घ्यावा. मग तिला ओट्यावर बसलेला मल्हारी आठवला. त्यालाही तिनं हेच पुसलं होतं. तो तर चिडला नव्हता.

सासू काठी टेकत आली नि सुनेच्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, "बाबा, शाप द्यायला सवड आहे तुला, मग उत्तर द्यायला का नाही? घोड्यावरून उतर. पाट मांडते. बस नि सांग."

तो उतरला नाही. टाच मारली नि गेला. पारू कासारीण म्हणाली, "बरं झालं बाई, पाटली घट्ट होती." नि तिनं ती होती तिथं सारली.

पण बायांनो, तरी कुणी मल्हारीला काही दिलं नाही. दोनदा पोळलेले लोक, ताकही फुंकून प्यायचं सोडून ताटच लोटीत होते. आवडी त्यांच्यासाठी थांबली नाही. ती मागापाशी गेली. रायबाला म्हणाली, "अहो, ही अर्धीच कापा." रायबा म्हणाला, "अर्धी घोंगडी कुणी कापतं का? वीण सुटेल." ती म्हणाली, "बाळापुरती सुटू नये एवढं बघा." मग रायबानं घोंगडी कापली, कडा दुमडून गाठी मारल्या. तिनं अर्धं मापटं तांदूळ पदरात बांधले. लेकाला पाजलं, सासूच्या मांडीवर दिलं. म्हणाली, "दिवस मावळायच्या आत येते. तो निजला तर मधून मधून..."

सासू म्हणाली, "बघीन. बोट धरून बघीन. जा तू."

आवडी उंबऱ्यातून वळली, अंगणातून वळली, कोपऱ्यावरून वळली. मग वळली नाही.

मल्हारीनं एक वल्हं घेतलं, रायबानं काठीचं दुसरं वल्हं केलं. होडी निघाली. पाणी गढूळ, ओढ मोठी. आवडी डोळे मिटून आसरांचं नाव घेत बसली. वाटेत वळणाआड वाळूच्या बांधावर एक मोठी होडी रुतलेली दिसली. माणसं पळून गेलेली. आत गोण्या होत्या, भिजून आंबलेल्या. गोण्यांखाली रायबाला आपल्या हातची वीण दिसली. त्यानं दोन्ही घोंगड्या ओढून काढल्या, पिळल्या, आपल्या होडीत घातल्या. वाळे शोधले. वाळे नव्हते. ते गेले ते गेलेच.

मग बेटवाडीचं टेकाड आलं. काठावर एक म्हातारा दांडकं घेऊन उभा होता. त्यानं होडी अडवली. म्हणाला, "मल्हारी, तू उतर. ही दोघं कोण? कुणी धाडलं? कुणासाठी आलात?"

मल्हारी हळूच म्हणाला, "काल दोघे एका डोंगीतून रिकाम्या हातांनी आले होते. घरं बांधून देतो म्हणाले, सगळ्यांचे अंगठे घेतले, बायांची जोडवी घेतली, नि गेले."

आवडीला आधी रागच आला. अंगावरचं लेकरू टाकून आले, पाण्यातून आले, शेवटचे तांदूळ आणले, नि मलाच पुसतात. ओठापर्यंत शब्द आला. मग तिचा तिलाच तो शब्द ऐकू आला, नि घोड्यावरचा माणूस आठवला. ती होडीतच बसून राहिली. म्हणाली, "पुसा, आजोबा. मी आवडी, चिमाची भावजय. हा तिचा भाऊ. कुणी धाडलं नाही, आम्हीच आलो. तिच्या बाळासाठी घोंगडी नि थोडे तांदूळ आणलेत. तिला हाक मारा, ती सांगेल. नाहीतर ह्यांचं मुंडासं काढून कान बघा."

म्हाताऱ्यानं खरंच बघितले. मग दांडकं बाजूला केलं. म्हणाला, "उतर बाई. तेच कान."

झावळ्यांच्या आडोशाला चिमा बसली होती. पदर बाळावर, पाठ पावसाकडं. ओठ पांढरे पडलेले. आवडीला बघून म्हणाली, "वहिनी, तू? तू तर पावसात अंगणात जायला भितेस."

आवडी म्हणाली, "भीत भीतच आले."

तिनं बाळ घेतलं. ते गार होतं. तिनं पुसून कोरडं केलं, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलं, आणि आपला पान्हा त्याला पाजला. बाळानं आधी तोंड लावलं नाही. मग लावलं. मग सोडीना. झावळ्यांबाहेर म्हातारा ऐकत उभा होता, तो निघून गेला.

मग आवडीनं चिमाला कुंकू लावलं. पदर सोडला नि ओटी भरली. अर्धं मापटं तांदूळ, दुसरं काही नाही. चिमानं तांदळाकडं बघितलं. तीन दिवसांची उपाशी बाई, तिची नजर तिथून हलेना. मग तिनं हात घातला, चार दाणे उचलले नि आवडीच्या हातावर ठेवले.

आवडी म्हणाली, "अगं ठेव गं वन्सं. चार दाणे तेवढेच."

चिमा म्हणाली, "घे वहिनी. हे दिले म्हणजे मी मागती नाही, तुझी नणंद आहे. मग मला खाता येईल."

आवडीनं ते दाणे पदराच्या टोकाला बांधले. दिवस मावळायच्या आत घरी आली. लेक आजीच्या मांडीवर निजला होता. आजी त्याच्या नाकाशी बोट धरून बसली होती.

सकाळी सासूनं सून चौकात नेली. आवडीनं गाठ सोडली. लोकांनी दाणे बघितले. भिजल्या हाताचे, कुंकू लागलेले. कुणाच्या हातचे, ते सांगायला जाऊन आलेली बाई समोर उभी होती. पारू कासारीण पहिली बोलली, "पुढच्या होडीत मी बसते. माझं मी देते, माझं मी बघते." मग ज्यांनी कडी लावली त्यांनी कडी काढली. वरच्या घाटावर चुली वाढल्या. प्रत्येक आळीनं एक एक माणूस होडीबरोबर दिलं. ते गेले, दिलं, हातचे दाणे घेऊन आले. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. बेटवाडी जगली. बाळानं अंग धरलं. पाणी ओसरलं, घरं उभी राहिली, रायबाच्या घोंगड्यांना मागणी आली, आवडीचं घर भरलं.

मग वर्ष फिरलं. वरच्या अंगाला डोंगर खचला, एक गाव त्याखाली आलं. बेटवाडीच्या बाया मदत गोळा करायला निघाल्या. चिमा आपल्या माहेरच्या दारी आली. कडेवर लेक, डोक्यावर टोपली. म्हणाली, "आई, खचल्या गावासाठी धान्य दे."

आई उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "कुणासाठी, बाई?"

चिमा म्हणाली, "आई, मी तुझी लेक."

आई म्हणाली, "लेक आहेस म्हणून तर पाट मांडलाय. बस. नातवाला इकडं दे. पाणी पी, नि सांग. कुणासाठी, कुणाच्या हातून, नि खूण काय."

चिमा आवडीकडं बघून हसली. टोपली उतरवली, पाटावर बसली. गावाचं नाव सांगितलं, माणसांची नावं सांगितली, कोण नेणार नि कोण बरोबर जाणार ते सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा अडवलं, पुन्हा पुसलं. मग नातवाला सुनेच्या हाती दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, नि आत जाऊन तांदळाचं अख्खं मडकं घेऊन आली.

आसरांनो, आवडीला जशी बुद्धी दिलीत नि हिंमत दिलीत, तशी ऐकणारणींना द्या, सांगणारणीलाही द्या. आमचं दिलेलं ज्याचं त्याला पोचू द्या. आमच्यावर वेळ आली, तर पुसून देणारं माणूस आमच्या दारी धाडा. लेकरं कोरडी ठेवा. बायांनो, मुठीतले चार दाणे शेजारणीच्या ओटीत घाला. ही साठा उत्तरांनी सांगायची कहाणी, पाचा उत्तरांत सांगितली, देवींच्या पायाशी सुफळ झाली, तुमच्या घरी संपूर्ण होवो.